पुडी एक, पुडी दोन

शिध्याची यादी वाण्याच्या दुकानापर्यंत जगते. तिथे एकेका ओळीवर काट मारली जाते, की तिचं काम संपलं. पण समोर असलेली ही यादी वाचावी अशी आहे. एका मित्राने डिसेंबरातल्या ट्रेकसाठी केलेली: माणसं पाच, दिवस तीन, रात्री दोन. रतनवाडीहून रतनगड, मग कात्राबाईच्या खिंडीतून कुमशेत, पाचनई आणि शेवटी हरिश्चंद्रगड. आपण याद्या करतो त्या धान्य, मसाले, किरकोळ अशा. इथली मांडणी वाटेची आहे. पाणी कुठे मिळेल, स्टोव्ह कुठे पेटेल, माणसं कुठे थकतील, त्या क्रमाने जिन्नस येतात.

पहिली ओळ ‘दशम्या २०, दाण्याची कोरडी चटणी’. दुधात भिजवलेल्या पिठाची दशमी दुसऱ्या दिवशीही मऊ राहते, तरीही तिला पहिल्याच दुपारी संपवायचं ठरवलंय. कारण सगळ्या सामानात वजनदार तीच, आणि रतनगडाच्या शिड्यांवर पाठीवरची सॅक माणसाला मागे ओढते. जड ते आधी पोटात जावं.

मग रात्रीची खिचडी, आणि इथे यादी खरी रंगते. ‘तांदूळ ६००, मूगडाळ ३००, घरी धुऊन सुकवून एकाच पिशवीत.’ रतनगडावर टाक्यांत पाणी असतं, पण अंधार पडल्यावर तांदूळ धुण्यासाठी टाक्याच्या कडेला कोण वाकणार? ती खेप घरीच वाचवली. डाळ मुगाची, कारण गडाच्या उंचीवर पाणी शंभर अंशांच्या थोडं आधीच उकळतं आणि कुकरशिवाय तूरडाळ शिजवत बसायचं म्हणजे गॅसची नासाडी. हा सगळा भाग कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो; सरपण गोळा करून चूल मांडावी, हा विचारही यादीत नाही.

खाली दोन छोट्या ओळी: ‘पुडी १: मोहरी, जिरं, हिंग. पुडी २: हळद, तिखट, गोडा मसाला, मीठ.’ सगळा मसाला एकाच पुडीत बांधून देणारे पुष्कळ भेटतात. तसं केलं की मोहरी तडतडेपर्यंत तिखट जळतं, मुक्कामाच्या गुहेत ठसका उठतो आणि खिचडी कडवट होते. पुड्या वेगळ्या केल्या की बॅटरीच्या उजेडात, बोटं गारठलेली असतानाही फोडणी चुकत नाही. एकीनंतर दुसरी, एवढंच लक्षात ठेवायचं. अख्ख्या पानात मला सर्वांत आवडतात त्या याच दोन ओळी. लिहिणाऱ्याने यादी करताना मनातल्या मनात खिचडी करून पाहिली आहे. पुढे ‘तूप १५०, तेल नको’. थंडीत तूप थिजतं, सॅकमध्ये सांडत नाही. आणि ग्रॅममागे जवळपास नऊ कॅलरी देतं.

‘कांदे ४’ वाचून काटकसरवाले नाक मुरडतील. कांद्यात जवळपास नव्वद टक्के पाणी. ते गडावर वाहून का न्यायचं? माझं मत यादीच्या बाजूने. दुसऱ्या सकाळच्या पोह्यांत कांदा नसेल तर ते पोहे नव्हेत. तसं पाहिलं तर तयार भाजीची पाकिटं नेणारेही पाणीच वाहतात, आणि त्यांच्या यादीत वाचण्यासारखं काही नसतं.

दुसऱ्या दिवसाला मधोमध दोनच शब्द आहेत: ‘स्टोव्ह नाही’. कात्राबाईची मजल लांबची, तिथे भांडी काढून बसलं की पाय आखडतात. म्हणून ‘सातूचं पीठ ५००, गूळ’. पाण्यात कालवायचं, प्यायचं, निघायचं. जोडीला दाणे, खजूर आणि गुळाचे खडे, ‘प्रत्येकाची पिशवी वेगळी’. ही सूचना ज्याने चढावर पाच माणसं पांगलेली पाहिलीत त्यालाच सुचते. खाऊची एकच पिशवी असली की ती नेमकी सर्वांत पुढे गेलेल्याच्या पाठीवर असते.

दुसऱ्या रात्रीसाठी काहीच नेलेलं नाही. ‘हरिश्चंद्रगड: पाचनईकरांकडे पिठलं-भाकरी.’ सुटीच्या दिवसांत गडावर गावकरी जेवण करून देतात. मग बेसन का वाहायचं? पण कंसात लगेच ‘मॅगी ५, उघडायची नाहीत’. वर कोणी भेटलं नाही तर काय, याचं उत्तर त्या कंसात आहे, आणि चालताना पाकिटं कोरडीच चघळणाऱ्या मंडळींना दमही. सगळं मिळून माणशी सव्वा किलोच्या आसपास भरतं. तीन दिवसांना हे फार नाही.

दोष एकच, पण ढळढळीत. तिसऱ्या सकाळपुढे नुसतं ‘उरलेलं’ लिहिलंय. इतक्या नेमक्या यादीत उरणार काय? मॅगी रात्रीच लागली, तर चार खजूर आणि चहाची पावडर. त्याच सकाळी हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर गार वाऱ्यात उभं राहायचं, मग गड उतरायचा. घरून भाजून नेलेला अर्धा किलो रवा इथे हवा होता. शिल्लक तूप, पुडी एकमधली चिमूटभर मोहरी आणि एक राखून ठेवलेला कांदा, एवढ्यावर पाच जणांचा तिखटमिठाचा सांजा झाला असता.