अवतरणाच्या पुढचे वाक्य

दोन वर्षांपूर्वी संविधान दिनानिमित्त तालुक्याच्या एका गावी भरलेल्या वक्तृत्व स्पर्धेला मी परीक्षक होतो. हाती आलेल्या गुणपत्रिकेत उच्चार, आशय, हावभाव यांच्या शेजारी ‘अवतरणे’ असा दहा गुणांचा रकाना होता. एका मुलाने सात मिनिटांत नऊ थोरांची वचने म्हटली. मी त्याला नऊ गुण दिले. एका मुलीने एकच आधार घेतला : राजकारणातली भक्ती अधोगतीकडे आणि अखेर हुकूमशाहीकडे नेते, हे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे मत. उरलेला सगळा वेळ ती आपल्या गावच्या ग्रामसभेत पुढाऱ्याच्या तोंडाकडे पाहून हात कसे वर होतात, हेच सांगत राहिली. मी तिला चार दिले. मुलगा पहिला आला.

घरी आल्यावर ते मत मुळात कुठे आले आहे हे पाहावे म्हणून संविधान सभेतील २५ नोव्हेंबर १९४९चे भाषण काढले. पूर्वी वाचलेले होते. या खेपेस फक्त अवतरणांवर बोट ठेवत वाचले, आणि दिलेल्या गुणांची लाज वाटू लागली.

त्या भाषणात अवतरणे कमी नाहीत. जेफरसन, मिल, ओकॉनेल, ब्राइस, लिंकन अशी नावे एकामागून एक येतात. संख्याच मोजायची तर बाबासाहेबही माझ्या रकान्यात उत्तम गुणांनी उत्तीर्ण झाले असते. पाहण्यासारखे आहे ते प्रत्येक अवतरणानंतर काय होते ते.

मुलीने घेतलेले मत घ्या. त्याआधी जॉन स्टुअर्ट मिलचा इशारा येतो : माणूस कितीही थोर असो, आपले स्वातंत्र्य त्याच्या पायाशी वाहू नये. लगेच आयरिश देशभक्त डॅनियल ओकॉनेल येतो. कृतज्ञतेलाही मर्यादा असते, राष्ट्राने स्वातंत्र्य देऊन ती फेडायची नसते, असा त्याचा आशय. आपल्याकडचा सराईत वक्ता इथे टाळ्यांसाठी थांबला असता. बाबासाहेब पुढे जातात आणि म्हणतात की, हा इशारा इतर कोणत्याही देशापेक्षा भारताला अधिक लागू आहे. का, तर इथल्या राजकारणात भक्तीला जेवढे स्थान आहे तेवढे जगात कुठेच नाही. धर्मात भक्ती मुक्तीचा मार्ग असू शकेल, राजकारणात ती घसरणीचा मार्ग आहे. म्हणजे आज भिंतीभिंतीवर लिहिले जाणारे हे मत अवतरणाच्या पुढचे वाक्य आहे. मिलला भक्ती हा शब्द सुचणे शक्य नव्हते. इंग्रज विचारवंताचा सर्वसाधारण इशारा वारी, गुरू, पायधूळ यांच्या मुलखात आणून त्याला इथले नाव देणे, हे वक्त्याचे स्वतःचे काम.

ब्राइसचेही तसेच. अमेरिकेतील एका चर्चने प्रार्थनेचा मसुदा सुधारताना ‘राष्ट्र’ हा शब्द घातला. त्यावर इतके आक्षेप आले, की तो काढून ‘ही संयुक्त संस्थाने’ असे शब्द घालावे लागले. सभा हलकी करायला छान किस्सा. पण त्याच्या पाठोपाठ येतो तो सभेला टोचणारा सवाल : हजारो जातींत विभागलेले लोक राष्ट्र कसे? आपण राष्ट्र आहोत असे मानणे हा मोठा भ्रम आहे, असे ते राज्यघटना स्वीकारली जाण्याच्या आदल्या दिवशी त्याच सभागृहात सांगतात. किस्सा हसवून आत शिरतो आणि मग दार लावून घेतो.

(लिंकन मात्र जाता जाता येतो. दुभंगलेले घर टिकत नाही, हे वचन लिंकनने १८५८ साली वापरले ते बायबलमधून. अवतरणाचे अवतरण.)

याहून अवघड प्रकार वर्षभर आधीच्या, ४ नोव्हेंबर १९४८च्या भाषणात आहे. मसुद्यात खेड्यांना स्थान नाही, अशी तक्रार होती. गावगाड्याच्या समर्थकांना मेटकाफचा एक उतारा फार प्रिय : राजघराणी कोसळतात, राज्यक्रांत्या होतात, गावे मात्र तशीच राहतात. बाबासाहेब हा उतारा स्वतःच सभेपुढे ठेवतात, विरोधकाच्या हातातले शस्त्र उचलून सर्वांना नीट दाखवावे तसा. मग विचारतात : गावे टिकली खरी, पण कोणत्या पातळीवर? नुसते टिकून राहण्याला किंमत काय? पुढची गावाविषयीची त्यांची कठोर वाक्ये प्रसिद्ध आहेत. मला ती थोडी एकांगी वाटतात, गावात त्याहून अधिक काही असते असे माझे मत आहे. पण उताऱ्याशी भांडण्याची ही रीत मात्र नि:संशय सरस.

आपल्याकडे यासाठी जुना, नेमका शब्द आहे. वारकरी कीर्तनात निरूपणाच्या ओघात महाराज दुसऱ्या अभंगाचा चरण घेतात, टाळकरी तो उचलतात; त्याला ‘प्रमाण’ म्हणतात. शब्द थेट शास्त्रातला. नैयायिकांच्या प्रत्यक्ष, अनुमान, उपमान, शब्द या चार प्रमाणांत आप्तवचन चौथे. प्रमाण म्हणजे पुरावा, आणि पुरावा म्हटला की काहीतरी सिद्ध करायचे असते. चांगल्या कीर्तनात प्रमाण कशासाठी आले हे शेवटच्या रांगेतल्या म्हातारीलाही कळते. नऊ प्रमाणे देऊन मूळ अभंग सोडून देणाऱ्या बुवांना गावाने पुन्हा बोलावले नसते. मी मात्र त्यांना पहिला क्रमांक दिला.

माझाही दोष एकट्याचा नाही, असे म्हणून सुटता आले असते. सुविचारांच्या वह्या शाळेपासून आपण भरून घेतो, सूत्रसंचालनाची पुस्तके विषयवार वचने पुरवतात. पण रकाना भरणारा हात माझाच होता. त्या मुलीने बाबासाहेबांचे वाक्य घेतले आणि त्यांनी मिलचे जे केले तेच त्या वाक्याचे केले : ते आपल्या गावात नेले, हात वर करणाऱ्या माणसांपुढे उभे केले. समोरच्या पाहुण्यांच्या रांगेत एक सरपंच बसले होते. ती थोडी अडखळली, आवाज खाली गेला, तरी वाक्य पुरे केले. अडखळण्याचाही मी एक गुण कापला होता.

यंदा त्याच स्पर्धेचे पुन्हा बोलावणे आले आहे. अवतरणांचा रकाना काढावा किंवा त्याचे नाव ‘अवतरणाचा उपयोग’ असे करावे, असे मी आयोजकांना कळवले. गुणपत्रिका आधीच छापून झाल्या आहेत, असे उत्तर आले.