जुन्या ओळींना नवे नियम

ओपन सोर्स प्रोग्राम म्हणजे अनेक हातांनी वर्षानुवर्षे लिहिला जाणारा ग्रंथच. मोकळी जागा किती सोडायची, नावं कशी ठेवायची, याचे त्यात नियम असतात. नवा कोड नियमानं लिहावा, यावर वाद नाही. वाद जुन्या कोडचा आहे. चालणारा कोड केवळ नियमात बसत नाही म्हणून बदलावा का?

लिनक्स कर्नलचं मार्गदर्शन सांगतं की, दुसऱ्या कामासाठी त्या ओळींना हात लागला तर सुधारा; निव्वळ शैलीसाठी बदल पाठवू नका, तो गोंगाट ठरतो. निष्कर्ष आम्हाला पटतो, कारण मात्र तोकडं वाटतं. गोंगाट थांबला की संपतो. इथे पुरावा जातो. गिटमध्ये 'ब्लेम' ही आज्ञा प्रत्येक ओळ शेवटी कोणी, केव्हा बदलली ते दाखवते. हजार ओळी एका फटक्यात सरळ केल्या, की सगळ्यांपुढे सरळ करणाऱ्याचं नाव लागतं. विचार करून ओळ लिहिणारा मागे पडतो.

मराठीला हे नवं नाही. मराठी साहित्य महामंडळाचे लेखननियम १९६२मध्ये आले, १९७२मध्ये भर पडून ते १८ झाले. त्यांतला एक सांगतो: चिपळूणकरांपूर्वीचं गद्य आणि केशवसुतांपूर्वीचं पद्य मुळानुसार छापा, या दोघांपासून पुढचं मात्र नव्या नियमांनी. शाळकरी मुलाची यात सोय आहे, हे आम्ही मान्य करतो. पण जुन्या लेखनात 'तें' म्हणजे ती एक वस्तू, 'ते' म्हणजे ते लोक. 'आम्ही' प्रथमा, 'आम्हीं' तृतीया. टिंब उच्चारात नव्हतं, अर्थात होतं. ते काढलं आणि भेद पुसला. मेकफाइलमध्ये आज्ञेची ओळ टॅबनं सुरू व्हावी लागते. कुणी नियम म्हणून तिथे स्पेस घातल्या, तर दिसायला सगळं तसंच, काम मात्र बंद.

मग जुन्याला शिवूच नये? असं म्हणणं आळसाचं होईल. आपल्या देवळाली प्रवरेहून पूर्वेला, प्रवरेच्याच काठी नेवासे आहे. तिथे शके १२१२मध्ये ज्ञानेश्वरी सांगितली गेली. पुढे पोथ्यांत पाठभेद शिरले. शके १५०६मध्ये एकनाथांनी प्रत शुद्ध केली आणि शेवटी आपलं नाव, साल, केलेलं काम नोंदवून ठेवलं. पुढच्यांनी आपली ओवी घुसडू नये, अशी ताकीदही दिली. दुरुस्ती झाली, पण सहीनिशी. तरीही एकनाथांपूर्वीचा पाठ कसा होता, हा प्रश्न संशोधकांच्या मागे राहिलाच. सही असूनही इतकं हरवतं. सही नसेल तर काय होईल?

२०१९पासून गिटनंही सोय दिली आहे. शैलीबदलाची नोंद वेगळी ठेवली, तर 'ब्लेम'ला ती वगळायला सांगता येतं. आमचा आग्रह एवढाच की, दिसण्याचा बदल आणि अर्थाचा बदल एका नोंदीत मिसळू नयेत. मिसळले की तपासणारा जागा सरळ झालेल्या शंभर ओळी पाहत बसतो आणि बदललेली एक ओळ नजरेतून सुटते.

आणि पहिला हातभार म्हणून नुसत्या जागा सरळ करून पाठवणाऱ्या तरुण मित्रांनो, आधी त्या कोडमधली एक चूक शोधा. ती शोधताना जुनी ओळ तशी का लिहिली, हे कळेल. कधीकधी ती वाकडी असण्याला कारण असतं.