सोयीचे धुके : कीट्सचे एक पत्र आणि एक सुनीत

आपल्याकडील प्रवासवर्णनांत एक संकेत रूढ झालेला आहे. लेखक डोंगर चढतो, दमतो, वाटेत पाऊस त्याला गाठतो. परंतु शेवटच्या परिच्छेदात ढग हटकून बाजूला सरतात आणि उन्हात न्हालेले दृश्य पाहून सारे श्रम सार्थकी लागतात. ढग हटलेच नाहीत, तर त्या ढगांतूनच एखादा बोध काढला जातो. वाचकाला रिकाम्या हाताने परत पाठवायचे नाही, हा त्यामागील हेतू. हेतू चांगला आहे. पण त्यापायी डोंगरावर प्रत्यक्ष जे घडले त्याच्याशी लेखक प्रामाणिक राहतो का? इंग्रज कवी जॉन कीट्स याने १८१८ च्या उन्हाळ्यात केलेल्या पदयात्रेची पत्रे पुन्हा वाचताना हा प्रश्न माझ्या मनात आला. त्यांतील एक पत्र आणि त्याच पर्वतशिखरावर रचलेले एक सुनीत शेजारी ठेवून पाहिल्यास त्याचे उत्तर मिळते, असे मला वाटते.

कीट्स तेव्हा बावीस वर्षांचा होता. वैद्यकाचे शिक्षण घेऊनही त्याने कवितेसाठी तो व्यवसाय सोडून दिला होता. चार्ल्स ब्राऊन या मित्रासह इंग्लंडचा सरोवरांचा प्रदेश आणि स्कॉटलंडचा डोंगराळ मुलूख चार महिने पायी हिंडण्याचा त्याचा बेत होता. बेंजामिन बेली या मित्राला त्याने आपला हेतू कळविला आहे : अंगी काटकपणा यावा, पूर्वग्रह झिजावेत, भव्य पर्वत मनात साठवावेत आणि घरी पुस्तकांत बसून जे साधणार नाही ते आपल्या कवितेला साधावे. मागे हॅम्पस्टेड येथे त्याचा धाकटा भाऊ टॉम क्षयाने आजारी होता. मधला भाऊ जॉर्ज नुकताच अमेरिकेस निघाला होता. वाटेत लिहिलेली बरीचशी पत्रे या आजारी टॉमसाठी आहेत, हे वाचकाने ध्यानात ठेवावे.

हवामानाने या बेताला पहिल्यापासून साथ दिली नाही. स्किडॉ पर्वतावर शिखर जवळ आले असता धुक्याने घेरले. पुढे मल बेटावर दलदल आणि खडकांतून ३७ मैलांची अत्यंत कष्टाची वाटचाल झाली. तेथेच त्याला सर्दी जडली आणि घसा धरला तो पुन्हा नीट बरा झालाच नाही. अशा प्रकृतीने २ ऑगस्ट रोजी तो बेन नेव्हिस चढला. ब्रिटनमधील हा सर्वोच्च पर्वत १३४५ मीटर उंच, म्हणजे आपल्या कळसूबाईपेक्षा तीनशे मीटरने ठेंगणाच. पण उत्तरेकडील थंडी, वारा आणि ओले धोंडे यांमुळे तो चढणाऱ्याची परीक्षा पाहतो.

दुसऱ्या दिवशी टॉमला लिहिलेल्या पत्रात ही चढाई आली आहे. पहाटे पाच वाजता वाटाड्यासह निघणे, दगडांच्या राशी, ऐन उन्हाळ्यात बर्फाने भरलेली दरी, मधूनमधून घेतलेला व्हिस्कीचा घोट, दरीत धोंडे लोटून ऐकलेले प्रतिध्वनी असे सारे तो गमतीने सांगतो. सैनिकांनी रचलेल्या दगडांच्या ढिगावर चढून आपण पर्वताहूनही उंच झालो, अशी थट्टा करतो. पण पत्राचा गाभा म्हणजे धुक्याचे वर्णन. ढग पडद्यांसारखे सरकत राहतात, विरतात, त्यांना झरोके पडतात, एखाद्या झरोक्यातून खालचा मुलूख क्षणभर दिसतो. मध्येच वारा येतो आणि शेजारीच उभा असलेला, आतापर्यंत न दिसलेला कडा उघडा पडतो. कधी डोक्यावर निळे आकाश, कधी पुन्हा काहीच नाही. अखंड विस्तीर्ण देखावा दिसला नाही हे तो मान्य करतो, आणि जे तुकड्यातुकड्याने दिसले ते कदाचित त्याहून सरस होते, असेही म्हणतो. पावसाळ्यात सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर उभे राहिलेल्या कोणालाही या वर्णनाचा खरेपणा पटेल.

आता सुनीत पाहा. कवी कड्याच्या टोकाशी बसला आहे. खाली दरीत धुके : नरकाविषयी माणसाला एवढेच ठाऊक. वर धुके : स्वर्गाविषयीही तेवढेच. भूमीवर धुके : स्वतःविषयीचे ज्ञानही तसेच अंधूक. माझ्यासारख्या धर्मगुरूला या अज्ञानाच्या कबुलीने दुखावल्यासारखे होत नाही. अशी कबुली श्रद्धावंतानेही द्यावी. माझी तक्रार वेगळी आहे. पत्रातील झरोके कोठे गेले? निळे आकाश कोठे गेले? लिहिण्याच्या क्षणी धुके दाट असेलही. पण त्या दिवसाचा अनुभव एवढाच नव्हता, याला स्वतः कीट्सच साक्षी आहे. सुनीताच्या आरंभीच तो काव्यदेवतेकडे पाठ मागतो, आणि मागितलेला पाठ मिळावा म्हणून धुके सगळीकडे सारखे पसरून घेतो. आपले लेखक बोधासाठी ढग हटवितात; येथे बोधासाठी ढग दाटविले आहेत. चूक एकाच जातीची आहे.

सुनीतात एकच स्थळ मला जिवंत वाटते. पायाखाली खडबडीत धोंडे आहेत आणि आपण त्यांवर पाय ठेवून आहोत एवढे आपल्याला कळते, असे तो म्हणतो, तेथे उपमेचा हिशेब क्षणभर थांबतो आणि दगड पायाला लागतात.

पत्र सरस का उतरले? मला वाटते, ते टॉमसाठी होते म्हणून. अंथरुणाला खिळलेल्या भावाला पाठ नको होता. त्याला डोंगर हवा होता आणि थोडे हसू हवे होते. म्हणूनच त्या पत्रात, काही वर्षांपूर्वी हाच पर्वत चढलेल्या एका स्थूल बाईंचा आणि पर्वताचा पद्यमय विनोदी संवादही आहे. काव्य म्हणून तो सामान्य आहे. भावाची भेट म्हणून अनमोल आहे.

पुढे इनव्हर्नेस येथे डॉक्टरांनी प्रवास थांबविण्यास सांगितले. चार महिन्यांचा बेत दीड-दोन महिन्यांत आटोपला. क्रोमार्टीहून जहाजाने कीट्स १८ ऑगस्टला लंडनला पोहोचला आणि टॉमच्या शुश्रूषेस लागला. १ डिसेंबरला टॉम गेला. २३ फेब्रुवारी १८२१ रोजी रोम येथे, वयाच्या पंचविसाव्या वर्षी, त्याच रोगाने कीट्सही गेला.

हा शेवट ठाऊक असल्यामुळे आपण त्या सुनीतातील धुक्याला भविष्याची छाया मानू लागतो. तो मोह टाळावा. त्या दिवशी डोंगरावर एक आजारी, हसरा तरुण होता आणि झरोके उघडत होते, मिटत होते. आपल्यातील होतकरू लेखकांना एवढेच सुचवावेसे वाटते की, फसलेल्या सहलीचे वर्णन लिहिताना समोर एक टॉम कल्पावा. त्याला जितके दिसले तितकेच सांगावे. बोध काढण्याइतका तोही शहाणा असतो. बोधाची सवय जडलेल्या मलाही ही सूचना लागू आहे.