बुधन थिएटर : समावेशक समूह-रंगभूमीची प्रयोजने आणि मूल्ये

समूह-रंगभूमीच्या चर्चेत 'समावेशकता' हा शब्द बराच सैलपणे वापरला जातो. वंचित समूहातील चार कलावंतांना मंचावर स्थान दिले की नाट्यसंस्था समावेशक झाली, असे गृहीत धरले जाते. या गृहीतकाची चिकित्सा करण्यासाठी अहमदाबादच्या छारानगरातील 'बुधन थिएटर' या संस्थेचे उदाहरण विशेष उपयुक्त ठरते.

छारा ही १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने कलंकित केलेल्या जमातींपैकी एक होय. तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाला. परंतु सराईत गुन्हेगारांविषयीच्या कायद्यांच्या आडून पोलिसी संशय कायम राहिला. दारूबंदी असलेल्या गुजरातेत हातभट्टीवर जगणारी कुटुंबे आणि वस्तीवर पडणारे छापे हे छारानगरचे नित्याचे वास्तव होते. अशा वस्तीत १९९८ मध्ये महाश्वेतादेवी आणि गणेश देवी यांच्या प्रेरणेने तरुणांचा नाट्यगट उभा राहिला. दक्षिण बजरंगे हे त्याचे प्रमुख लेखक-दिग्दर्शक.

या गटाच्या पहिल्याच नाटकाची निवड विचारात घेण्याजोगी आहे. घरची कहाणी हाताशी असताना या तरुणांनी पश्चिम बंगालमधील पुरुलिया जिल्ह्यातील बुधन सबर याची कथा घेतली. खेडिया सबर जमातीचा हा तरुण फेब्रुवारी १९९८ मध्ये कोठडीत मरण पावला. पोलिसांनी ती आत्महत्या म्हटले; प्रकरण कलकत्ता उच्च न्यायालयात गेले. सबरांची भाषा, प्रदेश, चालीरीती यांच्याशी छारांचा काडीचा संबंध नाही. कायद्याने दोघांना एका यादीत बसविले, एवढेच नाते. आणि त्या नात्यालाच या गटाने आपले नाव दिले. पुढे बारामतीच्या पारधी समाजातील पिन्या हरी काळे याच्या मृत्यूवरही गटाने नाटक केले.

येथे मराठीशी तुलना करणे आवश्यक वाटते. मराठीत भटक्या-विमुक्तांचा अनुभव प्रामुख्याने आत्मकथनांतून आला. लक्ष्मण माने यांचे 'उपरा' (१९८०) आणि लक्ष्मण गायकवाड यांचे 'उचल्या' यांत 'मी' बोलतो. बुधन थिएटरने मात्र आरंभ 'तो' पासून केला. स्वतःच्या दुःखाची साक्ष देण्यापेक्षा परक्याच्या दुःखाची साक्ष देणे हे या गटाचे मूळ मूल्य आहे आणि समावेशकतेचा अर्थ त्यातच शोधावा लागतो. छारांना कोणी रंगभूमीत सामावून घेतलेले नाही, छारांनीच सबर आणि पारध्यांना आपल्यात घेतले आहे.

प्रयोगाचे तंत्र साधे आहे. नेपथ्य जवळजवळ नाही. चौक, अंगण, सभागृह यांपैकी काहीही चालते. विशेष असे की, मारणारा पोलीस आणि मार खाणारा आरोपी या दोन्ही भूमिका त्याच वस्तीतील नट करतात. ज्याच्या हालचालींना बिचकत तो लहानाचा मोठा झाला, त्या पोलिसाची चाल त्याला स्वतःच्या अंगात आणावी लागते. सहानुभूतीने लिहिलेल्या पुष्कळ नागर नाटकांत नटापुढे ही अडचण कधी उभी राहत नाही.

मर्यादाही नोंदविल्या पाहिजेत. 'बुधन' मधील पोलीस एकसुरी क्रूर आहेत. हुकूम पाळणाऱ्या शिपायाच्या मनात डोकावण्याची संधी नाटककाराने सोडली आहे. दुसरा धोका अधिक गंभीर आहे. विद्यापीठांच्या परिसंवादांत हे नाटक होते तेव्हा हळहळलेला प्रेक्षक टाळ्या वाजवून मोकळा होतो, आणि 'गुन्हेगार जमातीचे कलावंत' ही ओळख पुन्हा छारांच्याच माथी बसते. शिक्का पुसण्यासाठी तो आधी दाखवावा लागतो, हा पेच गटाला पूर्णपणे सुटलेला दिसत नाही.

तरीही हा पेच नाटकाने निर्माण केलेला नाही. तुरुंग नियमावल्यांतील जातिभेदाविरुद्ध निकाल देताना विमुक्त जमातींना जन्मजात गुन्हेगार मानण्याची वृत्ती सर्वोच्च न्यायालयाला ऑक्टोबर २०२४ मध्ये निषिद्ध ठरवावी लागली. तोवर 'बुधन' च्या पहिल्या प्रयोगाला २६ वर्षे झाली होती.