‘फ्रायडे नाइट लाइट्स’ : स्पर्धेचा न्याय आणि खेळाडूचा न्याय

एच. जी. बिसिंजर यांचा ‘फ्रायडे नाइट लाइट्स’ हा ग्रंथ १९९० साली प्रसिद्ध झाला. टेक्सास राज्यातील ओडेसा या तेलव्यवसायावर जगणाऱ्या शहराचे, तेथील पर्मियन या हायस्कूलच्या फुटबॉल संघाचे आणि त्या संघाच्या १९८८ सालच्या एका हंगामाचे हे चित्रण आहे. क्रीडावाङ्मयातील एक श्रेष्ठ कृती म्हणून या ग्रंथाची गणना होते आणि ती गैर नाही. परंतु त्याचे जे नेहमीचे मूल्यमापन होते, ते बहुधा एकाच मुद्द्यापाशी थांबते : एका गावाने शाळकरी मुलांच्या खांद्यांवर आपल्या आकांक्षांचे ओझे कसे लादले, हे लेखकाने दाखविले, असा तो मुद्दा होय. हे खरेच आहे. मात्र ग्रंथातील सामग्री याहून अधिक कठीण असा एक प्रश्न उभा करते. ज्या खेळात न्यायाची इतकी काटेकोर जपणूक होते, त्या खेळात खेळणाऱ्या मुलाच्या वाट्याला न्याय का येत नाही, हा तो प्रश्न. त्या अंगाने या ग्रंथाची परीक्षा करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

येथे अभिप्रेत असलेला फुटबॉल म्हणजे पायाने चेंडू मारण्याचा सर्वपरिचित खेळ नव्हे, हे आरंभीच स्पष्ट करणे इष्ट. अकरा-अकरा गड्यांचे दोन संघ अंडाकृती चेंडू हाती घेऊन प्रतिपक्षाच्या हद्दीत शिरण्याचा प्रयत्न करतात आणि चेंडू नेणाऱ्याला अंगावर झेप घेऊन पाडले जाते. शरीराची टक्कर हा या खेळातील अपघात नसून त्याचे साधनच आहे. म्हणूनच सुरक्षिततेचा प्रश्न या खेळाला बाहेरून चिकटलेला नाही; तो त्याच्या घडणीतच आहे.

बिसिंजर हे फिलाडेल्फियातील एका वृत्तपत्राचे वार्ताहर. न्यायालयांच्या कारभारावरील शोधलेखनासाठी १९८७ साली त्यांना दोन सहकाऱ्यांसह पुलित्झर पारितोषिक मिळाले होते. १९८८ मध्ये ते कुटुंबासह ओडेसाला राहावयास गेले. १९८६ च्या सुमारास तेलाचे भाव कोसळल्याने शहराची आर्थिक स्थिती खालावली होती. पण १९८२ साली सुमारे ५६ लाख डॉलर खर्चून बांधलेले प्रचंड क्रीडागार दर शुक्रवारी रात्री प्रकाशाने उजळत होते. शाळेच्या इंग्रजी विभागाच्या साहित्यावर होणारा खर्च आणि खेळाडूंच्या औषधोपचाराच्या सामानावर होणारा खर्च लेखक शेजारी शेजारी मांडतो, आणि दुसरा पहिल्यापेक्षा मोठा ठरतो. येथे लेखक भाष्य करीत नाही. आकड्यांची ती मांडणीच पुरेशी ठरते. वार्ताहराच्या शिस्तीचा हा गुण ग्रंथभर आढळतो.

ग्रंथाची रचना हंगामाच्या क्रमाने केलेली आहे. उन्हाळ्यातील सरावापासून राज्यस्पर्धेच्या उपांत्य सामन्यापर्यंत कथन सरळ पुढे जाते आणि मध्ये मध्ये शहराचा इतिहास, वर्णभेद, शिक्षण, राजकारण या विषयांवरील प्रकरणे येतात. या चौकटीत दोन प्रसंग असे आहेत की, ते एकमेकांशेजारी ठेवून वाचले असता ग्रंथाचा खरा आशय उलगडतो.

पहिला प्रसंग बूबी माइल्स या खेळाडूचा. अनाथपणाच्या उंबरठ्यावरून काकाने घरी आणलेला हा कृष्णवर्णीय मुलगा संघाचा सर्वांत मोठा आधार होता. अनेक विद्यापीठांची आमंत्रणपत्रे त्याच्याकडे येत होती. हंगाम सुरू होण्यापूर्वीच लबक येथील एका सराव-सामन्यात कृत्रिम हिरवळीत त्याचा पाय अडकला आणि गुडघा निकामी झाला. त्याच्या जागी आलेला दुसरा मुलगा चमकला. संघाचे काही अडले नाही. पत्रे येणे थांबले. ज्या गावाने त्याला डोक्यावर घेतले होते, त्याच गावातील काही मुखांतून त्याच्याविषयी वंशवाचक अपशब्द बाहेर पडले. हंगाम संपण्यापूर्वीच माइल्सने संघ सोडला. त्याच्या अभ्यासाकडे शाळेने इतकी वर्षे जे दुर्लक्ष केले होते, त्याचा हिशेब आता उघडा पडला. कारण गुडघ्याशिवाय त्याच्यापाशी काही असावे, याची तरतूद कोणी केलेलीच नव्हती. या सर्व घटनाक्रमात कोणताही नियम मोडला गेला नाही, हे ध्यानात घेण्याजोगे आहे.

दुसरा प्रसंग डॅलस शहरातील कार्टर हायस्कूलचा. टेक्सासमध्ये १९८४ च्या कायद्याने असे ठरविले होते की, कोणत्याही एका विषयात नापास होणाऱ्या विद्यार्थ्याने सहा आठवडे खेळू नये. कार्टरच्या एका खेळाडूच्या बीजगणितातील गुणांवरून वाद उत्पन्न झाला. शिक्षकाने दिलेले गुण मुख्याध्यापकाने बदलले, तक्रारी झाल्या, सुनावण्या झाल्या, प्रकरण न्यायालयात गेले. दरम्यान कार्टरचा संघ खेळत राहिला, उपांत्य सामन्यात त्याने पर्मियनचा १४-९ असा पराभव केला आणि विजेतेपद मिळविले. पुढे १९९१ मध्ये ते विजेतेपद काढून घेण्यात आले. एका मुलाच्या एका विषयातील गुणांचा इतका कसून शोध अमेरिकेतील कोणत्याही शाळेने क्वचितच घेतला असेल. परंतु त्या मुलाला बीजगणित येते की नाही, हा प्रश्न त्या सर्व खटाटोपात कोणी विचारला नाही. विचारला गेला तो एवढाच की, त्याच्या खेळण्याने प्रतिस्पर्धी संघावर अन्याय झाला काय.

या दोन प्रसंगांच्या सान्निध्यातून जो निष्कर्ष निघतो, तो लेखकाने स्वतः सूत्ररूपाने मांडलेला नाही. शालेय आणि महाविद्यालयीन फुटबॉलमध्ये न्याय ही दोन संघांमधील वस्तू आहे. ती संस्था आणि खेळाडू यांच्यामधील वस्तू नाही. तीन संघ समान गुणांवर आले असता, मध्यरात्रीनंतर मालवाहू गाड्यांच्या थांब्यावर तीन प्रशिक्षकांनी नाणी उडवून पुढे जाणारे दोन संघ ठरविल्याचा जो प्रसिद्ध प्रसंग ग्रंथात आहे, तोही हेच सांगतो. संघांना समान संधी मिळावी म्हणून नाण्याच्या दोन्ही बाजूंवर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवणारी ही व्यवस्था, मुलाच्या गुडघ्याच्या बाबतीत मात्र तो दैवाचा भाग मानून मोकळी होते.

या खेळाचा इतिहासही याच भेदाची साक्ष देतो. १९०५ च्या हंगामात किमान १८ खेळाडू मृत्यू पावल्याचे वृत्तपत्रांनी मोजले. त्यांत शाळकरी मुलांची संख्या मोठी होती. अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी हार्वर्ड, येल आणि प्रिन्स्टन यांच्या प्रतिनिधींना त्या वर्षी पाचारण केले. १९०६ मध्ये चेंडू पुढे फेकण्यास मुभा मिळाली, पाच यार्डांऐवजी दहा यार्डांची अट आली आणि ज्या संघटनेला १९१० पासून राष्ट्रीय महाविद्यालयीन क्रीडा संघटना हे नाव मिळाले, तिचा जन्म झाला. पुढे हेल्मेट कठीण झाले. पण कवटी सुरक्षित वाटू लागल्याने खेळाडू डोकेच शस्त्रासारखे वापरू लागले. १९६८ या एका वर्षी खेळातील प्रत्यक्ष आघाताने ३६ मृत्यू झाले. १९७६ मध्ये डोके पुढे करून धडक देण्यास बंदी आली आणि १९९० साली अशा मृत्यूंची संख्या शून्यावर आली. याचा अर्थ असा की, खेळ सुरक्षित करता येत नाही हे म्हणणे खोटे आहे. तो करता येतो. पण प्रत्येक वेळी तो उशिरा केला गेला, आणि खेळाचे अस्तित्व किंवा प्रतिष्ठा धोक्यात आल्यावाचून क्वचितच केला गेला.

बिसिंजर यांचा ग्रंथ हायस्कूलपाशी थांबतो. त्याच व्यवस्थेचा वरचा मजला पाहावयाचा, तर वॉल्टर बायर्स यांच्या १९९५ च्या आत्मकथनाचा आधार घ्यावा लागतो. बायर्स हे १९५१ पासून सुमारे ३६ वर्षे उपरोक्त संघटनेचे मुख्य कार्यकारी अधिकारी होते. १९५५ मध्ये कोलोरॅडोतील एका महाविद्यालयाचा रे डेनिसन नावाचा खेळाडू डोक्याला मार लागून मृत्यू पावला. त्याच्या पत्नीने कामगार म्हणून नुकसानभरपाई मागितली. १९५७ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ती नाकारली. अशा दाव्यांच्या भीतीनेच ‘विद्यार्थी-खेळाडू’ हा शब्द संघटनेने घडविला आणि सर्वत्र रूढ केला, अशी कबुली बायर्स यांनी दिली आहे.

या सामासिक शब्दाचा विग्रह करून पाहणे उद्बोधक आहे. तो द्वंद्व मानला, तर दोन्ही पदे समान महत्त्वाची ठरतात : विद्यार्थी आणि खेळाडू. कर्मधारय मानला, तर एक पद दुसऱ्याचे विशेषण होते. व्यवहारात मात्र या समासाचा विग्रह प्रसंगानुसार बदलत आला आहे. भरपाईची मागणी झाली, की तो ‘खेळाडू असलेला विद्यार्थी’ होतो आणि विद्यार्थ्याला मजुरी देय नसते. सरावाच्या तासांचा आणि परीक्षेच्या वेळेचा संघर्ष झाला, की तो ‘विद्यार्थी असलेला खेळाडू’ होतो आणि खेळाडूने मैदानावर हजर राहावयाचे असते. द्वंद्वाचा लाभ त्याला कधीच मिळत नाही. संस्थेला दोन्ही पदांचा उपयोग होतो. मुलावर दोन्ही पदांचे केवळ दायित्व येते.

बिसिंजर यांच्या कृतीच्या मर्यादा याच ठिकाणी जाणवतात. पहिली मर्यादा आकृतिबंधाची. हंगामाचा क्रम हाच कथनाचा कणा असल्याने वाचकाची उत्कंठा विजय-पराजयाशी बांधली जाते. माइल्सविषयी हळहळणारा वाचकही काही पृष्ठांनंतर पर्मियन पुढच्या फेरीत जाते की नाही, यात रमतो. म्हणजे संघाने माइल्सचे जे केले, तेच काही अंशी कथनही करते : जागा भरली गेली आणि खेळ पुढे सुरू झाला. हा दोष मानावा की हेतुपुरस्सर योजलेला परिणाम मानावा, याविषयी मतभेद होऊ शकेल. परंतु हंगाम थांबवून येणारी प्रकरणेच ग्रंथाला न्यायबुद्धी देतात, यात शंका नाही. १९८२ मध्ये न्यायालयाच्या आदेशाने ओडेसातील अल्पसंख्य विद्यार्थ्यांची शाळा बंद झाली आणि तेथील मुलांची इतर दोन शाळांत वाटणी झाली, तेव्हा हद्दी आखण्यामागे फुटबॉलचा विचार कसा वावरत होता, हे सांगणारे विवेचन या दृष्टीने अत्यंत मोलाचे आहे. २००४ साली निघालेल्या चित्रपटाने उपांत्य सामन्याचा अंतिम सामना केला आणि बीजगणिताचे प्रकरण वगळले. कथनाचा ओढा कोणत्या दिशेला आहे, हे त्यावरून कळते.

दुसरी मर्यादा काळाची. १९९० च्या लेखकाला मोडलेला गुडघा दिसतो. न दिसणारा मेंदू त्याच्या दृष्टीच्या टप्प्यात नाही. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका वैद्यकीय पाहणीत मृत्यूनंतर दान केलेल्या २०२ फुटबॉलपटूंच्या मेंदूंची तपासणी झाली आणि १७७ मेंदूंत वारंवार आघातांनी होणारी झीज आढळली. त्यांपैकी केवळ हायस्कूलपर्यंत खेळलेल्या १४ जणांत ती ३ जणांना होती, तर महाविद्यालयापर्यंत खेळलेल्या ५३ जणांत ४८ जणांना होती. हे मेंदू बहुधा त्रास जाणवलेल्यांच्याच कुटुंबीयांनी दिलेले असल्याने सर्व खेळाडूंना हे प्रमाण लावणे अयोग्य ठरेल. तरी खेळ जितका लांबतो तितका धोका वाढतो, ही शंका त्यामुळे बळावते. २००९ मध्ये वॉशिंग्टन राज्याने डोक्याला मार लागल्याचा संशय असलेल्या मुलाला वैद्यकीय संमतीशिवाय पुन्हा मैदानात उतरविण्यास कायद्याने बंदी केली, आणि २०१४ पर्यंत सर्व राज्यांनी या स्वरूपाचे कायदे केले. येथे प्रथमच नियमाने संघाकडे न पाहता मुलाकडे पाहिले, हे या कायद्यांचे महत्त्व होय.

विरुद्ध पक्षाचे म्हणणेही विचारात घेतले पाहिजे. हा खेळ गरीब मुलांना शिक्षणाचे दार उघडून देतो, शिस्त लावतो, विखुरलेल्या गावाला एकत्र आणतो, असे त्याचे समर्थक म्हणतात. बिसिंजर हे नाकारीत नाहीत. पर्मियनच्याच संघातील एक मेक्सिकन वंशाचा मुलगा पुढे हार्वर्डला गेला, हे त्यांनी नोंदविले आहे. परंतु तो मुलगा वर्गात आधीपासूनच अग्रेसर होता. ज्याला खेळाशिवाय दुसरा आधार नाही, त्याच्यासाठी ते दार गुडघ्याच्या बिजागरीवर फिरते. व्यवस्थेची परीक्षा हार्वर्डला पोहोचलेल्या मुलावरून नव्हे, तर माइल्सवरून व्हावयास हवी.

ग्रंथ प्रसिद्ध झाल्यावर ओडेसात एवढा क्षोभ उसळला की, धमक्यांमुळे लेखकाला तेथील नियोजित भेट रद्द करावी लागली. तेव्हापासून परिस्थितीत बदल झाले आहेत. २०२१ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने शिक्षणाशी निगडित लाभांवरील संघटनेची बंधने एकमताने अवैध ठरविली, आणि जून २०२५ मध्ये संमत झालेल्या तडजोडीने विद्यापीठांना खेळाडूंना थेट मोबदला देण्याची वाट मोकळी झाली. परंतु खेळाडू हा कामगार आहे काय, हा डेनिसनच्या पत्नीने विचारलेला प्रश्न त्या तडजोडीने सोडविलेला नाही. शिवाय मोबदला मिळतो तो चालत्या पायाला. मोडलेल्या गुडघ्याचे दायित्व कोणाचे, हे वेगळे ठरवावे लागते. आणि हायस्कूलच्या मैदानावरील बहुसंख्य मुलांपर्यंत तो पैसा पोहोचतच नाही.

‘फ्रायडे नाइट लाइट्स’चे महत्त्व म्हणूनच एका गावाच्या वेडाची कहाणी एवढ्यापुरते सीमित नाही. नियम पाळले गेले म्हणजे न्याय झाला, या समजुतीचा फोलपणा त्याने एका शाळकरी मुलाच्या गुडघ्यावरून दाखविला. तो निष्कर्ष लेखकाने शब्दांत मांडला नाही, कदाचित त्यालाही तो पूर्णपणे उमगला नसेल. पण त्याने गोळा केलेला पुरावा इतका प्रामाणिक आहे की, वाचकाला तो निष्कर्ष टाळता येत नाही.