‘कोसला’चे मुखपृष्ठ : पुनर्रचनेचा एक विचार

प्रस्तावना :
मुखपृष्ठ हे कादंबरीचे पहिले भाष्य असते. वाचकाने एक ओळ वाचण्यापूर्वीच ते त्याला कृतीचा एक अर्थ सुचविते. दीनानाथ दलाल, बाळ ठाकूर, सुभाष अवचट यांच्यासारखे समर्थ चित्रकार मराठी ग्रंथव्यवहाराला लाभले. तरीही कादंबरीच्या समीक्षेत मुखपृष्ठाचा विचार क्वचितच होतो. भालचंद्र नेमाडे यांच्या ‘कोसला’चे मुखपृष्ठ नव्याने करावयाचे झाल्यास त्यावर काय असावे व काय नसावे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

विवेचन :
‘कोसला’ १९६३ साली पुण्याच्या देशमुख आणि कंपनीने प्रकाशित केली. तिच्या मुखपृष्ठासाठी सर्वात सहज सुचणारे चित्र म्हणजे शीर्षकातील कोश. मात्र हीच कल्पना सर्वाधिक दिशाभूल करणारी आहे. कोशाचे चित्र काढावयाचे तर चित्रकाराला कोशाबाहेर उभे राहावे लागते. पांडुरंग सांगवीकर मात्र प्रथमपुरुषी निवेदनातून कोशाच्या आतून बोलतो. म्हणजे असे चित्र वाचकाला निवेदकापासून दूर नेते. काफ्काला हा धोका नेमका जाणवला होता. १९१५ मध्ये ‘मेटामॉर्फोसिस’ पुस्तकरूपाने निघत असताना त्याने मुखपृष्ठावर कीटक मुळीच काढू नये, असे प्रकाशकाला कळविले होते.

एकाकी, विमनस्क तरुणाचा चेहरा हा दुसरा पर्यायही अपुरा आहे. त्यामुळे ‘कोसला’ ही केवळ पुण्यातील परात्मतेची कादंबरी ठरते आणि सांगवी पुसली जाते. नेमाडे यांचे जन्मगाव असलेले सांगवी यावल तालुक्यातले, म्हणजे भुसावळच्या शेजारचेच. येथील विद्यार्थ्याला आपल्याच परिसरातील कादंबरी परकी वाटावी, ही हानी लहान नाही.

पुणे आणि सांगवी यांना जोडणारी एक वस्तू कादंबरीतच सुचविलेली आहे, ती म्हणजे हिशेब. शेतीतून आलेला वडिलांचा पैसा वसतिगृहात खर्च होतो. पितापुत्रांतील ताण या पैशाभोवतीच घट्ट होत जातो. म्हणून नव्या मुखपृष्ठावर जमाखर्चाच्या चोपडीचे एक पान असावे. शीर्षक व लेखकाचे नाव त्याच हस्ताक्षरात, नोंदीसारखे यावे. रोजच्या बोलीतील ‘उदाहरणार्थ’, ‘वगैरे’ यांसारख्या शब्दांना या कादंबरीने जे मोल दिले, त्याच्याशी सुबक छापील अक्षरांपेक्षा असे साधे वळणच जुळते.

या कल्पनेवर एक आक्षेप संभवतो. कादंबरीतील दुःख पैशात मावत नाही. धाकट्या बहिणीचा, मनीचा मृत्यू कोणत्या रकान्यात लिहावा? आक्षेप रास्त आहे, आणि त्याचे उत्तरही त्याच पानावर देता येईल. नोंदी पानाच्या मध्यावर थांबाव्यात. खाली आखलेले रकाने असावेत, पण आकडा नसावा, बेरीजही नसावी.

निष्कर्ष :
मुखपृष्ठाने शीर्षकाचे चित्र काढण्यापेक्षा निवेदकाची जागा ओळखणे महत्त्वाचे आहे. मराठीच्या वर्गात विद्यार्थ्यांना एखाद्या कादंबरीचे मुखपृष्ठ कल्पून त्याचे समर्थन लिहावयास सांगितले, तर त्यांना कृतीचा अर्थ स्वतः लावावा लागेल. तयार टिपणांच्या काळात तेवढे साधले तरी पुष्कळ होईल.