मायना नसलेलं पत्र

मलकापूर सोडून आंबा घाटाकडे निघालं की मोबाइलची रेंज ये-जा करू लागते. लिहिलेला मेसेज तिथंच अडकून पडतो. चांगदेवांचं नेमकं उलटं झालं. त्यांनी काहीच लिहिलं नाही, आणि ते पोचलं. उत्तरही आलं, ६५ ओव्यांचं. तीच ‘चांगदेव पासष्टी’.

परंपरेतली कथा शाळेपासून ऐकलेली असते. चौदाशे वर्षं जगलेले योगी चांगदेव ज्ञानदेवांना पत्र लिहायला बसले आणि मायन्यालाच अडले. वयानं लहान म्हणून ‘चिरंजीव’ लिहावं, की अधिकारानं मोठा म्हणून ‘तीर्थरूप’? ठरेना, म्हणून कोराच कागद पाठवला. एवढं जगूनही हे कोरेच राहिले, असा टोला मुक्ताबाईनं हाणला.

तरीही आपण त्या कोऱ्या कागदाला भाबडेपणानं ‘शब्दांच्या पलीकडचं’ मानतो. गप्प बसणारा प्रत्येक माणूस पोचलेला वाटावा, असा हा काळ आहे. मला मात्र त्या कागदावर हिशेब दिसतो: मोठा कोण, धाकटा कोण? हे मौन शब्दांच्या पलीकडचं नाही, अलीकडचं आहे. आपणही मेसेज टाइप करून खोडतो, तेव्हा पुष्कळदा याच हिशेबात असतो.

खरी गंमत अशी की अडखळतात ज्ञानदेवही. पासष्टीचा पहिला भाग नवख्या वाचकाला जड जातो. सोनं आणि दागिने, पाणी आणि लाटा, पाहणारा आणि दिसणारं, असे दाखले एकामागून एक येतात. मुद्दा एकच: वेगळं दिसतं ते वेगळं नाही. इथं पुष्कळजण पुस्तक मिटतात. पण पुढे रोख चांगदेवांकडे वळतो आणि सूर बदलतो. तू माझं बोलणं ऐकणं म्हणजे तळहातानं स्वतःलाच मिठी मारणं, असं ज्ञानदेव म्हणतात. मग कबुली देतात की तुला भेटायला जीव आतुर आहे, पण भीतीही वाटते. जी भेट आधीच झालेली आहे, ती भेटायला गेल्यानं विस्कटेल की काय?

दोघांच्या अडखळण्यात एवढा फरक आहे. एकाला आपली पायरी सांभाळायची आहे. दुसऱ्याला काळजी आहे की बोलल्यानं एकाचे दोन होतील. म्हणून एक कागद कोरा ठेवतो. दुसरा, भीती असूनही, लिहितो. आणि लिहिताना चांगदेवांना न सापडलेला मायना त्याला सहज सापडतो: ‘सखया’. त्यात आशीर्वाद नाही, नमस्कारही नाही. मोठ्या-धाकट्याचा प्रश्न त्या एका हाकेत निकालात निघतो.

पुढे मिठाचा दाखला येतो. पाण्याची खोली पाहायला मीठ आत उतरतं आणि स्वतःच उरत नाही. मग मोजणार कोण? इथलं मौन कमावलेलं आहे. मीठ काठावर कोरडं राहिलं असतं, तर तेही गप्पच असतं. पण त्या गप्प राहण्याला ओल नसती.

शेवटी ज्ञानदेव पत्राचं श्रेयही स्वतःकडे ठेवत नाहीत. चांगदेवांचं निमित्त करून निवृत्तिनाथांनीच हा खाऊ आपल्याला दिला, असं म्हणतात.

अर्थासह छापलेली पासष्टी एका बैठकीत वाचून होते. सुरुवात जड वाटली तर ‘सखया’पासून वाचा, आणि मग मागे या.